करदोडा काचत असेल, तर ताप अंगावर काढू नका

अमरावती-अकोल्यातल्या माय-बापहो, भाऊ-बहिणींनो,

मृग तोंडावर आला आहे. पहिला पाऊस पडेल, भज्यांच्या कढईभोवती गर्दी जमेल आणि आठ-पंधरा दिवसांत घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतील. हे दरवर्षीचेच. महाराष्ट्रात फ्लूचा जोर दोनदा असतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडी सरताना. त्यात आजारी पडणारे बहुतेक लोक चार-पाच दिवसांत उठून कामाला लागतात. काहींना मात्र उठणे जमत नाही. हे आवाहन त्या काहींसाठी आहे. पेरणीच्या गडबडीत ते बाजूला पडू नये म्हणून मुद्द्याचे आधीच सांगतो.

ज्याचे पोट सुटले आहे, वजन वाढले आहे, अशा माणसाने ताप-खोकला अंगावर काढू नये. पहिल्याच दिवशी बोटाला ऑक्सिमीटर लावावा आणि दुसरा दिवस उलटायच्या आत डॉक्टरांसमोर बसावे. आधी दुकान, आधी फवारणी, आधी भाच्याचे लग्न, मग दवाखाना, असा क्रम यंदा लावू नका. इतके वाचून कागद खाली ठेवला तरी चालेल, पण घरातल्या भारदस्त माणसाला एवढे वाचून दाखवा आणि मगच ठेवा.

ज्यांना कारण हवे, त्यांच्यासाठी पुढचे.

'तब्येत' नावाचा घोटाळा

आपल्या बोलीतच एक गोंधळ बसला आहे. माणूस जाड झाला की आपण म्हणतो, "तब्येत लावली बापा!" उतरला की काळजीने विचारतो, "काहून वाळला रे? बरं नाही का?" सासरहून आलेली लेक जरा भरलेली दिसली की माय सुखावते आणि गालफडे बसलेली दिसली की रडते. सुटलेल्या पोटाचा माणूस 'खात्यापित्या घरचा' ठरतो. तब्येत म्हणजे आरोग्य आणि तब्येत म्हणजे चरबी, हे दोन अर्थ आपण एकाच शब्दात कोंबले आहेत.

यात आपल्या पूर्वजांची चूक नाही. ज्या मुलखाने दुष्काळ पाहिले, तिथे अंगावरचे मांस ही खरोखरच ठेव होती. 1918 ची मानमोडीची साथ आठवा. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते आणि अर्धपोटी माणसांवर इन्फ्लुएंझा तुटून पडला. देशात सर्वांत जास्त झळ बसलेल्या प्रांतांमध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. त्या साथीतून निभावलेल्या पिढीने लेकरांना 'खा, अंगाला लागू दे' असे सांगितले, तर तिचे काय चुकले?

पण शंभर वर्षांत गोष्ट उलटली. उपाशी शरीर विषाणूशी लढताना हरते, हे खरेच आहे. अतिभरलेले शरीरही हरते, हे आता वारंवार सिद्ध झाले आहे. दोघांचीही ताकद कमी पडते, फक्त दुसऱ्याची कमजोरी बाहेरून दिसत नाही.

फेब्रुवारी 2021 विसरू नका

या गोष्टीचा धडा शिकायला वऱ्हाडाला दुसरीकडे जायची गरज नाही. 21 फेब्रुवारी 2021, रविवारचा दिवस. देशभर लोक कोरोना संपला असे समजून लग्नपत्रिका वाटत होते, आणि त्याच दिवशी तेव्हाच्या पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती आणि अचलपूर शहरांत सोमवारी रात्री 8 पासून टाळेबंदी जाहीर केली. अकोल्यातही बाजार पुन्हा बंद झाले. मार्च-एप्रिलमध्ये देशाला ज्या दुसऱ्या लाटेने बुडवले, तिचे पाणी आधी आपल्या अंगणात शिरले होते.

त्या दिवसांत काय काय पाहिले, ते ज्याचे त्याला ठाऊक. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस नमुने तपासले जात होते. अमरावतीचे सुपर स्पेशालिटी आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्या दारांत नातेवाईक ताटकळत होते. त्या काळात एक वाक्य घरोघरी ऐकू यायचे, अजूनही येते: "चांगला धडधाकट होता हो, दोन दिवसांत गेला."

त्या 'धडधाकट' शब्दापाशी जरा थांबा. असे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर पुष्कळदा पन्नाशीच्या आतला, कमावता, भरल्या अंगाचा, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस असतो. त्याची साखर कधी मोजलेली नसते, रक्तदाब माहीत नसतो आणि पोट मात्र दहा वर्षांपासून सुटलेले असते. आपण त्याला धडधाकट समजत होतो. विषाणूला तो तसा वाटला नाही.

जगाने मोजले ते

लठ्ठपणा आणि श्वसनाचा विषाणू यांची गाठ पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आली ती 2009 च्या स्वाइन फ्लूच्या वेळी. त्या साथीचा देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्ट 2009 रोजी आपल्याच राज्यात, पुण्यात नोंदला गेला. त्याआधी फ्लूच्या धोक्याच्या यादीत म्हातारपण, दमा, हृदयविकार, गरोदरपण अशी नावे असत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांचे उंची-वजन लिहिलेले होते त्यांतल्या निम्म्या लोकांचा बीएमआय 30 किंवा त्याहून अधिक निघाला. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तेव्हापासून लठ्ठपणा त्या यादीत आला.

मग कोरोना आला आणि शंका उरली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. लठ्ठ व्यक्तींना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता 113 टक्क्यांनी जास्त, अतिदक्षता विभागात जाण्याची 74 टक्क्यांनी जास्त आणि मृत्यूची 48 टक्क्यांनी जास्त दिसली. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिल 2020 मध्ये अतिदक्षता विभागातून परतले आणि आपले वजन फार वाढले होते, अशी त्यांनी स्वतः कबुली दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या सरकारने लठ्ठपणाविरुद्ध मोहीम उघडली.

कुणी म्हणेल, बारीक माणसेही गेली की. गेली. या आजारांत वय हा सर्वांत मोठा धोका आहे, वजन त्याच्या मागून येते. पण साठीच्या आतल्या माणसांमध्ये वजनाचा परिणाम अधिक ठळक दिसतो, म्हणजे नेमका घर चालवणाऱ्या वयात. शिवाय वय कमी करता येत नाही, पोट करता येते.

श्वासाची शिल्लक

आता हे होते कसे, ते समजून घ्या. समजले की मग 'अंगावर काढू नका' हा सल्ला उगाच वाटणार नाही.

आपण श्वास सोडतो तेव्हा फुप्फुस पूर्ण रिकामे होत नाही. आत काही हवा उरतेच. ती आपली शिल्लक. घासभर अन्न चुकीच्या नळीत गेले, जोराची उबळ आली, फुप्फुसाचा एखादा भाग कफाने बंद झाला, तर तेवढा वेळ शरीर त्या शिलकीवर काढते. फुप्फुसांच्या खाली श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला की हवा आत येते. पोटात चरबी साठली की ती या पडद्याला खालून वर रेटते. जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबताना सरकी काढलेल्या रुईतली हवा कशी निघून जाते, ते आपण पाहिले आहे. तसाच काहीसा दाब फुप्फुसांच्या तळाच्या भागावर बसतो. फुप्फुसे आणि वजन यांचा अभ्यास करणाऱ्यांनी मोजून पाहिले आहे: बीएमआय 20 असलेल्या माणसाची शिल्लक 100 धरली, तर बीएमआय 30 झालेल्या माणसाची ती 75 पर्यंत उतरते. माणूस आडवा झाला की आणखी उतरते, कारण मग पोटाचा सगळा भार छातीकडे सरकतो. म्हणूनच जाड माणसाला उताणे झोपवत नाही, तो घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकून उठतो.

धडधाकट दिवसांत याचा पत्ता लागत नाही. अमरावतीच्या राजकमल चौकातून चालत जाताना दम लागला तर आपण उन्हाला दोष देतो, आणि अकोल्यात तर उन्हाला दोष द्यायला कारणही पुरेसे असते. पण विषाणू फुप्फुसात उतरला, तळाचे भाग आणखी बंद झाले, की खात्यात मुळात कमी असलेली शिल्लक भराभर संपते. बारीक माणसाला आजार जिथे चार दिवसांची मुदत देतो, तिथे याला दोनच मिळतात. ताप अंगावर काढायला अंगात शिल्लक लागते, आणि नेमकी तीच इथे नसते.

दुसरी गोष्ट चरबीची. चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेले निपचित सामान, असे आपल्याला वाटते. तसे नाही. पोटातली चरबी सतत रासायनिक संदेश सोडत असते आणि शरीरात बारीक धग कायम ठेवते. विषाणू आला की शरीराने पहिल्या काही तासांत इंटरफेरॉन नावाची धोक्याची घंटा वाजवायची असते. लठ्ठ शरीरात ही घंटा उशिरा आणि क्षीण वाजते. तोवर विषाणू वाढून बसतो. मग प्रतिकारशक्ती खडबडून उठते ती अशी, की शत्रूबरोबर स्वतःच्या फुप्फुसालाही भाजून काढते. धुमसत्या चुलीवर रॉकेल ओतल्यासारखा तो भडका असतो. त्यात रक्त घट्ट होण्याची, गुठळ्या धरण्याची प्रवृत्ती लठ्ठ शरीरात आधीच जास्त. जोडीला मधुमेह असेल तर आगीत तेलच.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथल्या कुटुंबांचा अनेक हंगाम अभ्यास झाला. फ्लूच्या ए प्रकाराने आजारी पडलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून विषाणू इतरांपेक्षा 42 टक्के जास्त काळ बाहेर पडत राहिला. म्हणजे ताप उतरला म्हणून लगेच नातवाला मांडीवर घेऊ नका.

'आमचे एवढे काही नाही' म्हणणाऱ्यांसाठी

इथे बरेच जण पोटावरून हात फिरवून म्हणतील, आम्ही काही तितके जाड नाही. युरोप-अमेरिकेत बीएमआय 30 पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडचे डॉक्टर तो 25 पासूनच धरतात आणि 23 पासून सावध करतात, कारण त्याच वजनाला भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटात. साडेपाच फुटांच्या आतबाहेर, म्हणजे 165 सेंटिमीटर उंची असलेला माणूस 68 किलोंना ही रेषा ओलांडतो. आपल्याकडे 68 किलोंच्या माणसाला जाड कोण म्हणतो?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या नवजात बाळांची मापे घेऊन हे दाखवून दिले. आपली बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली 3.5 किलोंची. आपल्या बाळांचे हातपाय काटकुळे, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. दिसायला बारीक, आतून जाड. असे बाळ मोठे होऊन शहरात आले, खुर्चीवर बसले, गोडधोड आणि तळलेले खाऊ लागले, की पोट आणि साखर दोन्ही लवकर येतात.

हे आपल्या अमरावती जिल्ह्याला जितके लागू पडते तितके फार थोड्या जिल्ह्यांना पडत असेल. एका टोकाला मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची कुपोषित लेकरे, दुसऱ्या टोकाला शहरातली सुटलेली पोटे. या दोन बातम्या आपण वेगवेगळ्या पानांवर वाचतो. त्या एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. आईच्या पोटात असताना ज्याला कमी मिळाले, त्याला पुढे जास्तीचे झेपत नाही.

आणि हे थोड्या लोकांचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्के प्रौढांमध्ये आढळला, मधुमेह 11.4 टक्क्यांमध्ये. दहांतले चार जण. तुमच्या घरात पाच मोठी माणसे जेवायला बसत असतील, तर ताटांकडे नका पाहू, करदोड्यांकडे पाहा.

सुतळीची परीक्षा

आजच्या आज करायची गोष्ट फुकटात होते. कापसाच्या मुलखात सुताला तोटा नाही. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या. बरोबर मधून दुमडून निम्मी करा. ती निम्मी सुतळी पोटाभोवती, बेंबीच्या पातळीवर, श्वास साधा सोडून, पोट आत न ओढता गुंडाळा. दोन्ही टोके एकमेकांना भिडली तर ठीक. भिडली नाहीत तर तुम्ही या आवाहनातले आहात.

टेप असेल तर पुरुषांनी 90 सेंटिमीटर आणि बायकांनी 80 सेंटिमीटर ही रेषा लक्षात ठेवावी. पँटच्या नंबरावर जाऊ नका. पोट सुटले की माणूस पँट पोटाखाली सरकवतो आणि वीस वर्षे 34 नंबरच घालतो. म्हाताऱ्या बायांचे माप जास्त खरे होते: करदोडा काचू लागला, की लेकरू भरले. तो करदोडा आता चाळिशीतल्या बाप्याचा काचतो आहे.

मृगाआधी काय करावे

एक. फ्लूची लस घ्या. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि अंगात मुरायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून पाऊस लागण्याआधी. लठ्ठ व्यक्तींमध्ये लसीने आलेले संरक्षण लवकर ओसरते, हे खरे आहे. त्याचा अर्थ लस टाळा असा नाही, चुकवू नका असा आहे. दंड फार जाड असेल तर लांब सुई लागते. लस टोचणाऱ्या सिस्टरला तसे विचारायला लाजू नका. मधुमेही, गरोदर बाया, दमेकरी आणि साठीपुढच्यांनी लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जरूर विचारावे.

दोन. साखर आणि रक्तदाब एकदा मोजून घ्या. कधीच मोजला नाही, हे अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

तीन. घरात ऑक्सिमीटर असेल तर त्याचे सेल बदला. कोरोनात घेतलेला तो कुठल्या कपाटात पडला आहे, ते ताप आलेल्या रात्री शोधू नका. नसेल तर चार घरे मिळून एक घ्या.

चार. घोरणे फार असेल, झोपेत श्वास थांबतो असे घरच्यांनी सांगितले असेल, तर तो चेष्टेचा विषय नाही. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

ताप आल्यावर काय करावे

डॉक्टरांकडे लवकर जा. फ्लूवरचे विषाणूरोधक औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर सर्वांत चांगले काम करते. चौथ्या दिवशी गेलात, तर ती वेळ हातची गेलेली असते. मेडिकलवाल्याला लक्षणे सांगून गोळ्यांची पुडी आणणे आणि 'काई होत नाही, व्हायरल आहे' म्हणून पडून राहणे, या दोन सवयींनी वऱ्हाडातली किती घरे बसली. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या तर मनाने मुळीच घेऊ नका. त्या साखर उसळवतात, आणि त्यातून काळी बुरशी कशी माजते, ते 2021 च्या उन्हाळ्यात आपण पाहिले आहे.

डॉक्टरांना आपले वजन आणि कंबर स्वतःहून सांगा. ते विचारायची वाट पाहू नका.

दिवसातून चार वेळा ऑक्सिजन मोजा. आधी पाच मिनिटे शांत बसा, बोट कोमट असू द्या, नखाला पॉलिश नको. आकडा 94 च्या खाली गेला की रुग्णालय. आकडा चांगला असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा मोजा. साठीच्या पुढे तीन मिनिटे पुरे. चालल्यावर तो 3 पेक्षा जास्त उतरला किंवा दम लागला, तरी निघा. ही सहा मिनिटांची चाचणी राज्याच्या आरोग्य विभागाने कोरोनात घरोघर पोचवली होती. ती विसरून जाण्यासारखी नाही.

उताणे पडून राहू नका. डोक्याकडून उंच करून, कुशीवर, जमेल तर पालथे झोपा. मधून मधून उठून बसा, खोल श्वास घ्या. पायांची हालचाल ठेवा, म्हणजे रक्त साकळत नाही. पाणी प्या. ताप असताना 'घाम गाळून उतरवतो' म्हणून व्यायाम करू नका.

बोलताना वाक्य तुटू लागले, ओठ काळसर पडले, छातीत दुखले, माणूस गुंगीत बोलू लागला, तर आकड्याचीही वाट न पाहता 108 फिरवा. अमरावतीत इर्विन रुग्णालय आहे, अकोल्यात सर्वोपचार आहे, तालुक्याला उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय आहे. धारणी-चिखलदऱ्याहून, अकोट-तेल्हाऱ्याहून शहर गाठायला वेळ लागतो. तो वेळ तुमच्या मुदतीतूनच वजा होतो, म्हणून लांबच्यांनी आणखी लवकर निघावे.

वजनाचे काय?

मृगापर्यंत कुणाचे पोट जाणार नाही, आणि उपास करून ते घालवायचा प्रयत्नही करू नका. जादूची पावडर, पट्टे, मित्राने सुचवलेली इंजेक्शने यांच्या मागे लागू नका. वजन उतरवणारी इंजेक्शने आता देशात मिळतात, पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची असतात. मात्र आजपासून सुरुवात केली, तर पुढच्या थंडीपर्यंत बरेच होऊ शकते. 80 किलोंच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले तरी साखर, रक्तदाब आणि झोपेतला श्वास सुधारतो. जाहिरातीतल्या सपाट पोटाची गरज नाही.

आपल्याकडे साधन नाही असे नाही. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे पुरते. अमरावतीला वडाळी आहे, छत्री तलाव आहे. व्यायामाच्या बाबतीत तर या शहराने कुणाचे तोंड पाहायची गरज नाही. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. अकोल्याला तर श्रावणात राजेश्वरासाठी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणणाऱ्या कावडीची परंपरा आहे. वर्षातून एक रात्र जे खांदे एवढे वजन पेलतात, त्यांनी उरलेल्या दिवसांत रोज अर्धा तास चालायला काय हरकत आहे?

खाण्याचे सांगताना जीव जड होतो, कारण गिला वड्याला नावे ठेवून अमरावतीत कुणी राहू शकत नाही. ठेवू नका. पण तो सणाचा राहू द्या, रोजच्या संध्याकाळचा नको. ज्या शेतांत आपली ज्वारी डोलायची, तिथे सोयाबीन उभे राहिले आणि ताटातून भाकर कमी होऊन पोळी, मैदा आणि बिस्किटे वाढली. कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, वर कांदा, हे ताट गरिबीचे नव्हते, शहाणपणाचे होते. चहातली साखर निम्मी करा. रोडग्यांच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याचा हात धरा आणि आपणही आग्रह सोडा.

उरलेल्यांनी काय करावे

डॉक्टरांना विनंती: तापाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला वजनकाट्यावर उभे करा आणि केसपेपरवर वय लिहिता तशी कंबर लिहा. जाड दंडाला रुंद पट्टा लावला नाही तर रक्तदाब चुकीचा दिसतो. तो पट्टा दवाखान्यात असू द्या.

गणेश मंडळांना, कावड मंडळांना, अंबादेवीच्या नवरात्रात सेवा देणाऱ्यांना विनंती: मांडवात एक सुतळी आणि एक वजनकाटा ठेवा. फोटोच्या रांगेइतकी नाही, पण निम्मी रांग तिथे लागली तरी पुष्कळ.

दुकानदार, जिनिंगवाले, संस्थाचालक, बँकांचे अधिकारी यांना विनंती: तापाने आलेल्या कामगाराला घरी पाठवा आणि त्याचा रोज कापू नका. रोज बुडतो म्हणून जो दुखणे अंगावर काढतो, त्याला शहाणपण शिकवण्याआधी तेवढे करा.

आणि सगळ्यांना एक विनंती, हात जोडून. जाड माणसाची टर उडवू नका. वजन निव्वळ खादाडपणाने वाढत नाही. रात्रपाळी, अपुरी झोप, थायरॉइड, औषधे, बाळंतपणे, घराण्याची ठेवण, दिवसभर गादीवर किंवा स्टिअरिंगवर बसायला लावणारा धंदा, असे बरेच काही त्यामागे असते. 'ए ढोल्या' ऐकून मोठा झालेला माणूस दवाखान्यात काट्यावर चढायला लाजतो, आणि तीच लाज त्याला दोन दिवस घरी बसवते. या आजारात दोन दिवस फार असतात.

आज रात्री जेवणे झाली की घरात सुतळी फिरवा. ज्याची टोके भिडणार नाहीत, त्याचे नाव आणि त्याच्या डॉक्टरांचा नंबर दाराच्या आत, कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसाळ्यात त्याला ताप आला आणि तो म्हणाला, "राहू दे, उद्या जाऊ," तर ऐकू नका. गाडी काढा.